पुढची तारीख

उणे सत्तावीस. उलानबातर.
त्सेरमाच्या कंटेनरातल्या दुकानात
दोन डबे टेबलावर, सोयरिकीला बसवल्यासारखे.
एकावर पाच-डब्ल्यू-तीस, दुसऱ्यावर शून्य-डब्ल्यू-वीस,
आणि शून्याची किंमत ऐकून
माझं पाकीट कोटाच्या खिशात आणखी आत सरकलं.

"पाच चालेल ना?"

त्सेरमा बोलली नाही.
मागच्या दाराची कडी काढून
रात्रभर बाहेर ठेवलेल्या दोन बाटल्या तिनं आत आणल्या
आणि आडव्या केल्या.
एकीतलं तेल कुशीवर वळलं, कण्हलं,
सुपावर गोठलेल्या शेपटीच्या चरबीसारखं
विचार करत राहिलं.
दुसरीतलं निघालंसुद्धा,
दारात पाहुणा दिसताच चहा ठेवायला उठावं कुणी, तसं.

"पहाटे किल्ली फिरवतेस ना,
तेव्हा पहिले चार श्वास इंजिन कोरडे घेतं.
हे पैसे त्या चार श्वासांचे.
डबे काय, सगळेच विकतात."

तरी घासाघीस केली.
फिल्टर विकत, आणि एक वायसर वर मागून घेतलं.

*

बाझरच्या खड्ड्यावर गाडी उभी करताना
तो इंजिन बंद करू देत नाही.
"दहा मिनिटं चालू दे.
गार तेल पोटातलं सांगत नाही."

मग चौदाचा पाना. अर्धा आटा.
मग बोटं. मग हात झटकन मागे,
आणि काळी धार:
आधी सोलासारखी जाड,
मग सुतळी,
मग सूत,
मग तो थेंब, जो पडतो पडतो म्हणताना पडत नाही.

बाझर चिमटीत चोळून बघतो. वास घेतो.
"दहा हजारांवर गेलीस."
"साडेनऊ."
तो खड्ड्यातून नुसता वर बघतो.
"बारा," मी म्हणते.

*

थेंब थांबेपर्यंत कुणालाच काम नसतं.
मी दार उघडून पाय बाहेर सोडून बसते
आणि चौकटीवरचा तो कागद
तीन वर्षांत पहिल्यांदा वाचते.
म्हणजे आकडे वाचते. अक्षरं जपानी.
२९, ११, ४.
खाली त्रेसष्ट हजार चारशे वीस.

बाझर तिकडे दोन वर्षं वेल्डिंग करून आला आहे.
हात पुसत म्हणतो,
"एकोणतीस म्हणजे त्यांच्या राजाचं साल.
तेल कधी बदललं ते नाही लिहिलेलं इथे.
पुढच्या वेळी कधी यायचं, ते."

पुढच्या वेळी.
निळ्या शाईत, नीट हातानं,
चार नोव्हेंबरला ये असं कुणीतरी कुणाला सांगितलेलं.
तो आला नाही. आला असता
तर या कागदावर दुसरा कागद असता.
गाडी विकली? म्हातारा झाला? डोळे गेले?
की नवी घेतली, आणि ही बोटीत चढताना
मागे वळून पाहिलंही नाही?

माझ्या मीटरवर आज दोन लाख तेरा हजार.
मधल्या दीड लाखात
ही कुणाकुणाचं काय प्यायली, देव जाणे.

*

नव्या फिल्टरच्या रबरावर बोटभर नवं तेल.
हातानं घट्ट, वर पाऊण फेरा, बस्स.
पावणेचार लिटर, मधाच्या रंगाचं,
नरसाळ्यातून आवाज न करता उतरतं.
मी निघते तेव्हा आई चाकांवर दूध शिंपडते.
इंजिनाकडे तिचं लक्ष नसतं. ते मीच पाजायचं.

पट्टी ओढली, पुसली, पुन्हा ओढली.
दोन खुणांच्या मध्ये.

बाझरनं पेन्सिल ओली करून चिठ्ठी लिहिली:
दोन लाख अठरा हजार.
जुन्या कागदावर चिकटवायला निघाला,
मी म्हटलं, खाली लाव.
"जागा नाही."
"तिरकी लाव."

तिरकी लावली.

निघालेलं तेल त्यानं शेगडीच्या टाकीत ओतलं.
ज्वाळा जरा खोकली, मग धरली.
पैसे मोजताना आम्ही दोघांनी
हात तिच्याकडेच धरले होते.